वर्णक्रम : पाठांतराकडून वापराकडे

शब्दांची मांडणी त्यांतील अक्षरांच्या ठरलेल्या क्रमानुसार करण्याच्या पद्धतीस वर्णानुक्रम किंवा अकारविल्हे मांडणी असे म्हणतात. शब्दकोश, विश्वकोश, ग्रंथाच्या शेवटी जोडलेली सूची आणि ग्रंथालयातील ग्रंथनामांची यादी ही सर्व साधने या मांडणीवर उभी असल्यामुळे ती अवगत नसलेल्या वाचकाला, अस्खलित वाचता येत असूनही, त्यांचा उपयोग करता येत नाही. मूल मुळाक्षरे घडाघडा म्हणू लागले की त्याला क्रम आला, असे सर्रास मानले जाते. परंतु क्रम म्हणता येणे आणि त्या क्रमाच्या आधारे शब्द शोधता येणे ही दोन भिन्न कौशल्ये असून, दुसरे कौशल्य स्वतंत्रपणे शिकवावे लागते.

कोश म्हटला की तो अकारविल्हेच असणार, ही कल्पना आज स्वाभाविक वाटत असली तरी ती सार्वकालिक नाही. संस्कृतातील ‘अमरकोश’ विषयवार वर्गांत रचलेला आणि पद्यात बांधलेला आहे, कारण तो पाने उलटून पाहण्यासाठी नव्हे, तर मुखोद्गत करण्यासाठी होता. इंग्लंडमध्ये १६०४ साली रॉबर्ट कॉड्री याने इंग्रजी शब्दांचा अर्थ इंग्रजीतूनच देणारा कोश प्रसिद्ध केला, तेव्हा कोणत्या अक्षराचा शब्द आरंभी व कोणत्या अक्षराचा शेवटी शोधावा, हे त्याला आपल्या प्रौढ वाचकांनाही समजावून सांगावे लागले. जे प्रौढांना सांगावे लागले, ते सात-आठ वर्षांच्या मुलाला आपोआप उमगेल, ही अपेक्षा रास्त नाही.

मराठी मुलांच्या बाबतीत मात्र एक मोठी सोय उपलब्ध आहे. रोमन लिपीतील अक्षरांचा क्रम प्राचीन सेमिटिक लिप्यांकडून परंपरेने आलेला असून त्यामागे उच्चाराचे सूत्र दिसत नाही, तर देवनागरी वर्णमाला उच्चारशास्त्रावर आधारलेली आहे. क-वर्गाचे उच्चार कंठाजवळ, च-वर्गाचे टाळूशी, ट-वर्गाचे जीभ मागे वळवून, त-वर्गाचे दातांशी आणि प-वर्गाचे ओठांनी होतात. म्हणजे हा क्रम मुखाच्या आतून बाहेर येतो. प्रत्येक वर्गातील दुसरा आणि चौथा वर्ण महाप्राण, म्हणजे श्वासाच्या अधिक जोराने उच्चारला जाणारा, तर पाचवा अनुनासिक, म्हणजे नाकावाटेही उच्चारला जाणारा असतो. तोंडासमोर तळहात धरून ‘क’ आणि ‘ख’ म्हणायला लावले, तर हा भेद मुलाला स्वतः अनुभवता येतो.

या रचनेचा अध्यापनात थेट उपयोग होतो. ज्या मुलाने वर्णमाला केवळ साखळीसारखी पाठ केली आहे, त्याला ‘भ’च्या आधी काय येते हे सांगण्यासाठी ‘क’पासून सुरुवात करावी लागते, ज्याने ती पाच-पाच वर्णांच्या ओळींत पाहिली आहे, ते मूल ‘भ’ला प-वर्गातील चौथा वर्ण म्हणून ओळखते आणि थेट उत्तर देते. अक्षरलेखनाची सुरुवात मात्र ग, म, भ, न अशा आकारसाम्याच्या गटांपासून करण्याची पद्धत रूढ आहे आणि ती योग्यही आहे. म्हणूनच अक्षरओळख पक्की झाल्यावर वर्णक्रमाचा पाठ वेगळा घेणे आवश्यक ठरते.

त्यानंतरची पायरी शब्दांची. प्रथम भिन्न आद्याक्षरांची शब्दपत्रे लावून घ्यावीत, नंतर कणीस, कपाट, कमळ, करवत यांसारखे आद्याक्षर समान असलेले शब्द द्यावेत, म्हणजे दुसऱ्या अक्षराकडे लक्ष जाते. खरी अडचण स्वरचिन्हांची असते. ‘कमळ’ आणि ‘कमान’ यांत ‘न’ हा ‘ळ’च्या आधी येतो म्हणून ‘कमान’ आधी लावण्याची चूक मुले करू शकतात. वस्तुतः निर्णय दुसऱ्या अक्षरापाशीच होतो, कारण बाराखडीत ‘म’ आधी आणि ‘मा’ नंतर येतो. जोडाक्षरांना बाराखडीनंतरचे स्थान असल्यामुळे ‘क्रम’ हा शब्द ‘कौल’च्याही पुढे सापडतो. बाराखडी हीच कोशाची अंतर्गत रचना आहे, हे येथे मुलांना उलगडते.

काही स्थाने मात्र नियमाने नव्हे, तर संकेताने ठरतात. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ काही कोशांत अनुक्रमे ‘क’ आणि ‘ज’ यांच्या जोडाक्षरांत, तर काहींत अगदी शेवटी दिलेले असतात. अनुस्वाराचे स्थानही सर्वत्र सारखे नसते. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, पण संगणकाच्या युनिकोड संकेतावलीत तो ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये आहे. ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना महाराष्ट्र शासनाने २००९ साली प्रमाण वर्णमालेत स्थान दिले, त्यामुळे जुन्या कोशांत ते स्वतंत्र स्वर म्हणून आढळतीलच असे नाही. अशा भेदांमुळे गोंधळ होऊ नये, यासाठी कोशाच्या आरंभीच्या सूचना वाचण्याची सवय लहानपणीच लावणे हितावह आहे.

म्हणून वर्णक्रमाची परीक्षा मुळाक्षरे म्हणवून घेण्याने पूर्ण होत नाही. वर्गात मुलांच्या उंचीला पोहोचेल असा एक कोश ठेवणे, अडलेला शब्द शिक्षकांनी लगेच न सांगता मुलाला शोधू देणे आणि मुलांकडून त्यांच्या स्वतःच्या शब्दांची अकारविल्हे वही करून घेणे, एवढ्या साध्या उपायांनी हे ज्ञान वापरात येते. असे मूल अर्थासाठी इतरांवर अवलंबून राहत नाही, आणि स्वावलंबी वाचक घडवणे हेच प्राथमिक भाषाशिक्षणाचे प्रयोजन आहे.