सुभेदार रामजींची पेन्शन

२ फेब्रुवारी हा सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांचा स्मृतिदिन. आमच्या आमगावात भीमजयंती थाटात होते, पण बाबासाहेबांच्या पित्याची आठवण भाषणात दोन वाक्यांत उरकते. म्हणून हा लेखप्रपंच.

रामजी पलटणीतले, लष्करी शाळेचे मुख्याध्यापक, कबीरपंथी. चौदा लेकरांपैकी पाचच जगली. १८९६ च्या सुमारास भीमाबाई गेल्या. पुढे मुंबईत परळच्या डबक चाळीत एकच खोली. तीच स्वयंपाकघर, तीच अभ्यासिका. रामजी रात्री दोनपर्यंत जागत, मग भीमाला अभ्यासाला उठवून स्वतः निजत.

भीमाने नवे पुस्तक मागितले की ते धाकट्या मुलीकडे उसने मागायला जात. तिच्याजवळ नसले, तर थोरलीचा दागिना आणून गहाण टाकत आणि पेन्शन हाती पडताच सोडवून परत देत. आम्ही कारकुनी करतो. महिनाअखेरची ओढाताण आम्हाला ठाऊक आहे. आधी किराणा की आधी पुस्तक, हा प्रश्न आपल्या घराघरांत आजही पडतो. रामजींच्या घरी त्याचे उत्तर ठरलेले होते.

१९१३ च्या जानेवारीत भीमराव बडोद्याला नोकरीवर गेले. वडिलांची मर्जी नव्हती. थोड्याच दिवसांत त्यांच्या आजाराची तार आली. परतताना भीमराव वडिलांसाठी बर्फी घ्यायला सुरतला उतरले आणि गाडी सुटली! घरी पोचायला दुसरा दिवस उजाडला. रामजींची नजर त्यांनाच शोधत होती. लेकाच्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला आणि थोड्याच वेळात प्राण सोडला.