एक यादी, शंभरावर भाषा

मेसच्या रांगेत उभं राहिलं की वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी सगळं एकाच वेळी कानावर पडतं. आता असं एक गाव डोळ्यासमोर आणा, जिथे अर्ध्या आफ्रिकेच्या भाषा जमल्या आहेत, पण बोलणारे बहुतेक जण तिथे आपल्या मर्जीने आलेले नाहीत!

हे गाव म्हणजे सिएरा लिओनमधलं फ्रीटाऊन. ब्रिटनने १८०७ साली गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली. मग ब्रिटिश आरमार गुलामांची जहाजं पकडायचं आणि सोडवलेल्या माणसांना इथे उतरवायचं. १८४७ मध्ये सिगिसमुंड कोएले हा जर्मन मिशनरी तिथे आला. फूरा बे कॉलेजात तो हिब्रू आणि अरबी शिकवायचा. शिकवता शिकवता त्याच्या लक्षात आलं, की भाषा शोधायला जंगलं तुडवायची गरजच नाही, त्या शेजारच्या गल्लीतच आहेत.

त्याची पद्धत आपल्याला, म्हणजे इंजिनिअर लोकांना, लगेच पटेल. जवळजवळ तीनशे शब्दांची एकच यादी: अंक, नाती, अवयव, प्राणी, घरातल्या वस्तू. प्रत्येकाला तेच शब्द विचारायचे आणि उच्चार एकाच पद्धतीने लिहायचे. आधीचे प्रवासी वेगवेगळे शब्द आपापल्या स्पेलिंगने लिहीत, मग तुलना कशी होणार? कोएलेचा 'पॉलिग्लॉटा आफ्रिकाना' हा ग्रंथ १८५४ मध्ये लंडनला छापला गेला. त्यात शंभरावर भाषा सारखेपणानुसार गटागटाने मांडल्या आहेत.

अर्थात, त्रुटीही होत्या. बऱ्याच भाषांसाठी एकच माणूस, आणि त्यालाही गाव सोडून कित्येक वर्षं झालेली. शिवाय मिशनचा मूळ हेतू धर्मप्रसाराचा होता, हेही विसरून चालणार नाही.

पण कोएलेने आणखी एक गोष्ट केली. शब्द सांगणाऱ्यांची हकिकतही त्याने टिपून ठेवली. कुणी लढाईत सापडला, कुणाला पळवून नेलं, कुणी कर्जापायी विकला गेला. १९६० च्या दशकात इतिहासकारांना याच नोंदींतून कळलं, की माणसं गुलाम कशी होत. बोर्नूच्या अली आयसामीच्या मदतीने तर कोएलेने कानुरी भाषेचं अख्खं व्याकरण लिहिलं.

ग्रंथावर नाव एकट्या कोएलेचं. आतले शब्द मात्र घर, गाव, माणसं सगळं गमावलेल्यांचे. त्यांच्याकडून कुणालाही हिसकावून घेता आली नाही, अशी ती एकच गोष्ट होती.

आज रात्री रूममेटला त्याच्या बोलीत एक ते दहा म्हणायला सांगा. बघा, किती जुळतं ते!