टोपीवाल्याला शिक्षा का झाली?

हान राज्याचा अधिपती चाओ एकदा दारू पिऊन जागच्या जागी झोपी गेला. थंडी होती. त्याची टोपी सांभाळणाऱ्या सेवकाला राहवलं नाही. त्याने धन्याच्या अंगावर झगा घातला. जाग आल्यावर चाओ सुखावला आणि झगा कुणी घातला, याची त्याने चौकशी केली. मग त्याने दोघांना शिक्षा फर्मावली. झगे सांभाळणाऱ्याला, कारण त्याने आपलं काम केलं नव्हतं. आणि टोपीवाल्याला, कारण त्याने दुसऱ्याचं काम केलं होतं.

ही गोष्ट सांगणारा हान फेई इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातला चिनी विचारवंत. त्याच्या मते चाओचं चुकलं नव्हतं. राज्यकर्त्याला थंडी बाधते हे खरं, पण सेवक आपली हद्द ओलांडू लागले की ते थंडीपेक्षा जास्त बाधतं. आपल्याला टोपीवाल्याची कणव येते. हान फेईला मात्र असल्याच माणसाची धास्ती वाटते. जो आज प्रेमाने हद्द ओलांडतो, तो उद्या कशाने ओलांडील?

त्या काळचा चीन म्हणजे एकमेकांच्या जिवावर उठलेली सात मोठी राज्यं. त्या सगळ्यांवरचा चौ घराण्याचा राजा नावापुरता उरला होता. वंशपरंपरेने आलेले सरदार अपुरे पडत होते, म्हणून राजे हुशार माणसं शोधत होते आणि हुशार माणसं राजे शोधत गावोगाव हिंडत होती. छी राज्याची राजधानी लिन्‌त्स इथे तर विद्वानांना पदव्या, वेतन आणि प्रशस्त घरं मिळत. काम एवढंच की चर्चा करायची. (असं खातं पुढे कुठल्या सरकारने चालवल्याचं माझ्या ऐकिवात नाही.) माणूस मुळात चांगला की वाईट, हा तिथला गाजलेला वाद. तो फावल्या वेळचा नव्हता. धान्याची कोठारं उघडायची की तुरुंग वाढवायचे, हे त्याच्या उत्तरावर ठरणार होतं.

कन्फ्यूशियस (इ.स.पू. ५५१–४७९) या प्रश्नावर फारसं बोललाच नाही. माणसं जन्मतः एकमेकांच्या जवळची असतात, सवयींनी दूर जातात, एवढं सांगून तो थांबला. भांडण पुढच्यांनी मांडलं.

त्यांतला पहिला मोठा मेन्शियस. छीचा राजा श्वेन याने एकदा बळीसाठी नेला जाणारा बैल पाहिला. नव्या घंटेला त्याचं रक्त लावायचं होतं. थरथरणारा बैल बघवेना, म्हणून राजाने त्याऐवजी मेंढरू घ्यायला सांगितलं. प्रजा म्हणाली, राजा कंजूष. मेन्शियस म्हणाला, कंजूष नव्हे. तुम्ही बैल पाहिला होता, मेंढरू पाहिलं नव्हतं, इतकंच. पण जी दया जनावरापर्यंत पोचते, ती प्रजेपर्यंत का पोचत नाही?

त्याचं दुसरं उदाहरण विहिरीचं. लहान मूल विहिरीत पडतंय असं दिसलं की कुणाच्याही काळजात चर्र होतं. त्या क्षणी मुलाच्या आईबापांची मर्जी किंवा गावातली वाहवा मनात नसते. हा चांगुलपणाचा अंकुर. झाड नव्हे, हे तो बजावून सांगतो. अंकुराला खतपाणी हवं, म्हणजे आधी पोटाला हवं. हक्काची उपजीविका नसलेल्या माणसाचं मन थाऱ्यावर राहत नाही. त्याला उपाशी ठेवायचं आणि चोरी केली की पकडायचं, हे मेन्शियसच्या लेखी प्रजेसाठी लावलेलं जाळं होतं.

मेन्शियसला भोळा आदर्शवादी समजणारे इथेच फसतात. माणूस मुळात चांगला असेल, तर राज्यात माजलेल्या गुन्ह्यांचा जाब राजालाच द्यावा लागतो. जुलमी राजाला मारणं हा राजवध नव्हे, एका गुंडाला दिलेली शिक्षा आहे, असं त्याने राजासमोरच सांगितलं होतं.

इतर पंथ वेगळ्याच वाटांनी गेले. मो-त्सू सर्वांवर सारखं प्रेम करा म्हणे. छोट्या सुंग राज्यावरचा हल्ला टाळण्यासाठी तो दहा दिवस-रात्र चालत छू राज्यात गेला, अशी कथा आहे. ताओवादी च्वांग-त्सूला छूच्या राजाने मोठं पद देऊ केलं, तेव्हा तो मासे पकडत बसला होता. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

शुन-त्सूने मेन्शियसला उघड विरोध केला. स्वभाव वाईटच, चांगुलपणा कमावलेला. मात्र वाकडं लाकूड वाफ देऊन सरळ होतं, तसा गुरू आणि शिस्तबद्ध आचार यांच्या बळावर रस्त्यावरचा कुणीही संत होऊ शकतो, असंही तोच म्हणाला. त्याच्या दोन शिष्यांनी पहिलं वाक्य उचललं आणि दुसरं सोडून दिलं. एक हान फेई, दुसरा ली स.

त्यांची वाट शांग यांग या मंत्र्याने आधीच आखली होती. छिन राज्यात त्याने बाजाराच्या दक्षिण दरवाजाशी एक खांब उभा केला आणि तो उत्तर दरवाजाशी नेणाऱ्याला दहा मापं सोनं जाहीर केलं. कुणाचा विश्वास बसेना. बक्षीस पन्नासावर नेलं, तेव्हा एकाने खांब हलवला आणि त्याला पैसे तिथल्या तिथे मिळाले. सरकार बोललं की करतं, हे लोकांना कळलं. मग कायदे आले: घरांचे गट, एकाच्या गुन्ह्याची झळ सगळ्यांना, रणात कापलेल्या शत्रूच्या मुंडक्यांवर बढती. पुढे राजा बदलला आणि शांग यांगला पळावं लागलं. तेव्हा कागदपत्रांशिवाय पाहुणा ठेवायला शांग यांगचा कायदा मना करतो, असं सांगून खाणावळवाल्याने त्यालाच दार बंद केलं. इ.स.पू. ३३८ मध्ये त्याचा अंत झाला.

हान फेई तोतरा होता, म्हणून लिहीत असे. त्याचे लेख वाचून छिनचा राजा भारावला; पण हान फेई छिनला आल्यावर इ.स.पू. २३३ मध्ये तुरुंगात त्याला विष मिळालं, तेही गुरुबंधू ली सकडून, असं इतिहासकार स्स-मा छ्येन सांगतो. इ.स.पू. २२१ मध्ये त्याच राजाने सगळा चीन जिंकला. पंधरा वर्षांत साम्राज्य संपलं.

का संपलं, याची नेहमीची कथा अशी: इ.स.पू. २०९ मध्ये पावसाने अडकलेल्या नऊशे जणांच्या तुकडीला पोचायला उशीर होणार होता, उशिराला मृत्युदंड होता, म्हणून त्यांनी बंड केलं. मात्र १९७५ मध्ये हूपेई प्रांतातल्या श्वेइहूती इथे छिनच्या एका कारकुनी अधिकाऱ्याच्या थडग्यात बांबूच्या अकराशेहून अधिक पट्ट्या सापडल्या. त्यांतल्या कायद्यात सरकारी वेठीला तीन ते पाच दिवस उशीर झाला तर कानउघाडणी, दहा दिवसांपर्यंत एका ढालीचा दंड आणि त्याहून जास्त झाला तर एका चिलखताचा दंड आहे. पावसामुळे काम रद्दही होई. लष्करी हुकमाचे नियम निराळे असतील, पण छिनची ‘राक्षसी’ प्रतिमा बऱ्याच अंशी पुढच्या हान राजवटीने (ही चाओच्या हान राज्याहून वेगळी) रंगवलेली आहे, असं मला वाटतं. हान सम्राटांनी छिनचे कायदे आणि कचेऱ्या बव्हंशी तशाच ठेवल्या आणि वर कन्फ्यूशियसची शिकवण बसवली. तीच व्यवस्था फेरफार होत पुढे शतकानुशतकं टिकली.

या व्यवस्थेत पुढे सरकारी नोकरीच्या परीक्षेसाठी मेन्शियसचा ग्रंथ पाठ करावा लागे. मिंग घराण्याचा संस्थापक जू य्वेन्‌चांग गरिबीतून वर आलेला होता. प्रजा राजापेक्षा मोलाची, असं सांगणारा हा ग्रंथ वाचून तो भडकला आणि १३९४ मध्ये त्याने त्यातले ८५ उतारे गाळायला लावले. त्या उताऱ्यांवर परीक्षेत प्रश्नही विचारायचे नाहीत, असा हुकूम निघाला. माणसाला वाईट म्हणणाऱ्यांची त्याला अडचण नव्हती. जवळजवळ सतराशे वर्षांपूर्वी माणसाला चांगलं म्हणून गेलेला मेन्शियस मात्र त्याला खपला नाही.