अखंड वाचनाचा एक प्रयोग

अमेरिकेतील पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात जानेवारी २०१० मध्ये प्राध्यापक टॉम मिचेल व त्यांचे सहकारी यांनी ‘नेल’ नामक संगणक-प्रणालीस वाचनास बसविले, आणि तिला फर्माविले ते असे की, इंटरनेटवरील मजकूर तिने अहोरात्र वाचावा, त्यातील विधाने वेचून दप्तरी नोंदवावीत, आणि आजचे वाचन कालच्याहून सरस करावे. त्यापूर्वी, १९८४ पासून, डग्लस लेनाट यांच्या ‘साइक’ प्रकल्पात व्यवहारज्ञानाची कलमे माणसांकरवी एकेक करून लिहविण्याचा उद्योग चालला होता. त्या चिकाटीविषयी आदर बाळगूनही म्हणावे लागते की, अवघे जग असे उतरवून घेण्यास कारकुनांच्या कैक पिढ्या अपुऱ्या पडाव्यात.

नेलचे भांडवल अल्प होते: शहर, खेळाडू, कंपनी असे काही शेकडा वर्ग व संबंध, आणि प्रत्येकाचे दहा-पंधरा नमुने. वाचावयास मात्र सुमारे ५० कोटी पृष्ठे होती. एखाद्या नामापुढे ‘महापौर’ वारंवार आढळला की ते नाम शहराचे असावे, असा तर्क ती बांधी. त्या तर्काने नवी शहरे सापडत, आणि त्या शहरांच्या आधारे नवे शब्दप्रयोग. ही पद्धत मोहक खरी, पण धोक्याची. कारण एक खोटे नाम यादीत शिरले की ते आपल्यासारख्या दहांना आत ओढते. म्हणून शब्दप्रयोग पारखणारा एक घटक, याद्या व तक्ते चाळणारा दुसरा, नामाची घडण तपासणारा तिसरा, अशी योजना केलेली होती. एकाची साक्ष निःसंशय नसेल, तर इतरांची जबानी तिच्याशी जुळावी लागे, आणि जे शहर ते व्यक्ती नव्हे, असे परस्परविरोधाचे निर्बंधही पाळावे लागत. या प्रयोगातील प्रतिभा माझ्या मते या शहानिशेत आहे.

पहिल्या ६७ दिवसांत २,४२,००० विधाने जमली, व त्यांतील शेकडा ७४ अचूक असल्याचा अंदाज निघाला; २०१८ पर्यंत हा साठा १२ कोटींवर गेला, आणि प्रत्येक विधानापाशी त्यावर कितपत विश्वास ठेवावा याचाही आकडा नोंदलेला होता. मला मात्र या संख्यांहून बोधप्रद वाटते ती एक चूक. बेकरीच्या पदार्थांत पाव, केक, कुकी यांची भरती बिनचूक चालली असता ‘इंटरनेट कुकी’, म्हणजे संगणकात साठणारी टिपणे, त्याच पंक्तीत येऊन बसली. कुकी ‘डिलीट’ करतात असे नेलने वाचलेले होतेच, तेव्हा लोक फायलीही डिलीट करतात हे दिसताच फायलीसुद्धा बेकरीतल्याच असाव्यात, असा निष्कर्ष तिने काढला, आणि चुकांची रांग लागली.

पहिले सहा महिने यंत्रास मोकळे सोडले असता सुमारे चतुर्थांश वर्ग व संबंध अचूकतेत बरेच मागे राहिले होते. म्हणून जूनपासून संशोधक दर पंधरवड्यास प्रत्येकावर पाचएक मिनिटे नजर फिरवू लागले. मिचेल यांना कुकींचा घोटाळा सापडला तो अशाच एका पाहणीत. ढोबळ चुका तेवढ्या ते दुरुस्त करीत, आणि उरलेले वाचन पुन्हा यंत्राच्या हवाली करीत.