विंचवाची रास

‘तुमची रास कोणती हो?’ हा प्रश्न आपल्याकडे कुणीही कुणाला सहज विचारतो. आगगाडीच्या डब्यात शेजारी बसलेला प्रवासी विचारतो, लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पाटावरचे गृहस्थ विचारतात. उत्तर ‘मेष’ किंवा ‘तूळ’ असे आले, तर विचारणारा मान डोलावतो आणि दुसऱ्या विषयाकडे वळतो. पण उत्तर ‘वृश्चिक’ असे आले, की तो क्षणभर थबकतो. ‘अस्सं! मग जपूनच राहिलं पाहिजे तुमच्यापासून!’ असे म्हणून हसतो. हे हसणे थट्टेचे असते खरे, पण निव्वळ थट्टेचे नसते. विंचू म्हटला की नांगी आली, नांगी म्हटली की विष आले. आणि मग ज्याची ती रास, त्याच्या स्वभावातही विष असणारच, असे आपण न बोलता धरून चालतो.

आज या विंचवाच्या राशीची थोडी ओळख करून घेऊ. ही रास आकाशात कशी दिसते, आपल्याकडे कोठून आली, तिला हे गुण कोणी आणि कशावरून चिकटवले, आणि त्यापायी कोणाला काय सोसावे लागते, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम पत्रिका बाजूला ठेवा आणि आकाशात पाहा. बारा राशींपैकी बहुतेकींची चित्रे आकाशात शोधून सापडत नाहीत. मेंढा कोठे आणि कुमारी कोठे, ते दाखवणाऱ्यालाच ठाऊक! वृश्चिकाचे तसे नाही. मे महिन्याच्या अखेरीस दिवेलागणीनंतर हा विंचू आग्नेय दिशेला वर येऊ लागतो. जुलै महिन्यात ढग फाटले, तर रात्री नऊ-साडेनऊच्या सुमारास तो दक्षिणेला चांगला वर आलेला असतो. आधी तीन-चार ताऱ्यांची किंचित वाकडी ओळ दिसते. हे विंचवाचे डोके. यालाच आपण अनुराधा नक्षत्र म्हणतो. त्यानंतर एक ठळक तांबूस तारा आणि त्याच्या दोन बाजूंना दोन लहान तारे. हे ज्येष्ठा नक्षत्र, विंचवाचे काळीज. तेथून ताऱ्यांची एक माळ क्षितिजाकडे उतरते आणि आकड्यासारखी पुन्हा वर वळते. तिच्या टोकाला दोन तारे अगदी जवळजवळ आहेत. ती नांगी! हा शेपटीचा भाग म्हणजे मूळ नक्षत्र. एकदा पाहिलेला हा विंचू माणूस सहसा विसरत नाही.

ज्येष्ठेचा तो तांबडा तारा मोठा विलक्षण आहे. ग्रीक लोकांनी त्याला ‘अँटारीझ’, म्हणजे मंगळाचा प्रतिस्पर्धी, असे नाव दिले. कारण रंगाने तो मंगळासारखाच आहे. त्याचे अंतर साडेपाचशे प्रकाशवर्षांच्या आसपास धरतात. आपल्या सूर्याच्या जागी तो आणून ठेवला, तर पृथ्वी त्याच्या पोटात जाईल आणि त्याची कड मंगळाच्या कक्षेच्याही पलीकडे पोहोचेल!

आता ही रास आली कोठून? आपली नक्षत्रे फार जुनी. ती वैदिक वाङ्मयात आहेत. मेष, वृषभ या बारा राशी मात्र तेथे आढळत नाहीत. बाबिलोनच्या लोकांनी या ताऱ्यांना फार पूर्वीच विंचू म्हटले होते, आणि सूर्याच्या वाटेचे बारा सारखे भाग करण्याची रीतही त्यांचीच. ती ग्रीकांनी उचलली आणि पुढे यवनांच्या संपर्काने ती आपल्याकडे आली. याची खूण आपल्याच ग्रंथांत शिल्लक आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने ‘बृहज्जातका’त वृश्चिकाचे आणखी एक नाव दिले आहे, ‘कौर्प्य’. ग्रीक भाषेत विंचवाला ‘स्कॉर्पिओस’ म्हणतात. दोन्ही शब्द एकापुढे एक म्हणून पाहा, म्हणजे नाते कानालाच कळेल.

ग्रीकांनी या विंचवाची एक कथाही रचली. ओरायन नावाच्या शिकाऱ्याने बढाई मारली, की पृथ्वीवरचा एकही प्राणी मी जिवंत ठेवणार नाही. तेव्हा पृथ्वीने एक विंचू धाडला आणि तो डसून एवढा बलाढ्य शिकारी मेला. दोघांनाही आकाशात जागा मिळाली, पण समोरासमोरच्या टोकांना. ओरायन म्हणजे आपल्या मृग नक्षत्राचा तारकासमूह. विंचू पूर्वेला उगवू लागला, की मृग पश्चिमेला मावळतो. लहानशा जिवानेही गर्विष्ठाची खोड मोडावी, हे या कथेतले विंचवाचे काम. त्यात तो दुष्ट नाही, शासन करणारा आहे.

ज्योतिषात वृश्चिक ही आठवी रास. तिच्यात विशाखेचा शेवटचा चरण आणि अनुराधा व ज्येष्ठा ही दोन पुरी नक्षत्रे येतात. तिचे तत्त्व जल, ती स्थिर रास आणि तिचा स्वामी मंगळ. तांबड्या ताऱ्यामुळे तांबडा मंगळ स्वामी झाला असेल, असे कुणालाही वाटेल. पण ही वाटणी निराळ्या हिशेबाने झालेली दिसते. सूर्याला सिंह आणि चंद्राला कर्क दिली. मग त्यांच्या दोन्ही बाजूंना बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी अशा क्रमाने एकेक घर दिले. या ओळीत मंगळाच्या वाट्याला एकीकडे मेष आणि दुसरीकडे वृश्चिक आली. चंद्र मात्र या राशीत नीचीचा मानतात. हे ध्यानात ठेवा. पुढे त्याचे काम आहे.

आणि स्वभाव? कुठलेही राशींचे पुस्तक उघडा. वृश्चिकेचा माणूस अबोल, मनातले मनात ठेवणारा. मानी, जिद्दी, हातात घेतलेले काम तडीला नेणारा. जिवाला जीव देणारा, पण दुखावला तर वर्षानुवर्षे न विसरणारा. जीभ तिखट, नजर भेदक, दुसऱ्याचे गुपित शोधून काढण्यात हुशार. आता हीच यादी पुन्हा वाचा आणि प्रत्येक गुणापुढे विचारा, हा कोठून आला? विंचू दिवसा दगडाखाली दडून बसतो, म्हणून माणूस अबोल. विंचवाला नांगी, म्हणून जीभ तिखट. रास स्थिर, म्हणून जिद्द. पाण्याची, म्हणून तळ लागत नाही. स्वामी मंगळ, म्हणून राग. हे वर्णन माणसे पाहून केलेले नाही. विंचू, पाणी आणि मंगळ यांना एकत्र करून ते बनवले आहे.

बरे, विंचवाची म्हणून जी लक्षणे घेतली, तीही अर्धीच! विंचू सहसा आपण होऊन माणसाच्या अंगावर येत नाही. पाय पडला, हात लागला, तर स्वतःला वाचवण्यासाठी तो डसतो. आणि मादी आपली चिमुकली पिल्ले पाठीवर घेऊन हिंडते. ‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ ही आपली म्हण त्यावरूनच पडली. मग वृश्चिकेच्या माणसाला ‘मुलांवर जीव टाकणारा’ असे कुणी का म्हटले नाही? विष तेवढे लक्षात राहिले, माया राहिली नाही.

यावर तुम्ही म्हणाल, ‘अहो, पण माझ्या बाबतीत ते वर्णन तंतोतंत पटतं त्याचं काय?’ पटते, यात शंका नाही. पण का पटते, तेही पाहू. 1948 साली अमेरिकेत बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्राच्या अध्यापकांनी एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘हे तुझे स्वभाववर्णन’ म्हणून एक कागद दिला. ते कितपत जुळते, याला पाचांपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी गुण पडले 4.26! मग उलगडा झाला, की सर्वांच्या हाती एकच मजकूर होता आणि तो बहुतेक बाजारातल्या एका ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतलेला होता. ‘तुम्ही वरून शांत दिसता, पण आतून कधी कधी अस्वस्थ असता,’ असे म्हटले तर कोण नाही म्हणेल?

आपल्या महाराष्ट्रातही अशी एक पारख झाली आहे. 2008 साली ज्योतिर्विद जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुद्धिमान मुलांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर पत्रिका जमवल्या. त्यांतल्या चाळीस-चाळीस पत्रिका ज्योतिषांकडे पाठवून कोणती कोणाची, एवढेच ओळखायला सांगितले. सत्तावीस ज्योतिषांची उत्तरे आली. बरोबर उत्तरांचे प्रमाण शंभरात सेहेचाळीस. नाणे उडवून सांगितले असते, तरी पन्नास आली असती!

शिवाय तुमची रास कोणती, हाही प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. आपल्याकडे जन्मवेळी चंद्र जेथे असेल ती रास. पाश्चात्य पद्धतीत सूर्य असेल ती. त्यांची वृश्चिक साधारण 24 ऑक्टोबर ते 21 नोव्हेंबर. आपल्या पंचांगाप्रमाणे सूर्य वृश्चिकेत येतो तो 16 नोव्हेंबरच्या सुमारास. आणि आकाशातल्या खऱ्या विंचवात, खगोलशास्त्रज्ञांनी आखलेल्या हद्दीप्रमाणे, सूर्य नोव्हेंबरच्या अखेरीस जेमतेम एक आठवडा असतो. फार काय, ज्या नांगीला आपण एवढे भितो, ते मूळ नक्षत्र ज्योतिषाच्या हिशेबात वृश्चिकेत पडतच नाही. ते जाते धनू राशीत! पत्रिकेतल्या विंचवाला नांगीच नाही म्हणा ना!

येथवर हा करमणुकीचा विषय झाला. पण तो तेथेच थांबत नाही. आमच्या परिचयातल्या एका घरी लग्नाची मुलगी होती. शिकलेली, नोकरी करणारी, हसतमुख. रास वृश्चिक, नक्षत्र ज्येष्ठा. स्थळे येत, पसंती कळवीत, पत्रिका नेत आणि चार दिवसांनी ‘जमत नाही’ असा निरोप येई. कारण कुणी तोंडावर सांगत नसे. शेवटी एका वृद्ध बाईंनीच सांगून टाकले, ‘आमच्या मुलाला थोरला भाऊ आहे हो!’ ज्येष्ठा नक्षत्रावरची मुलगी थोरल्या दिराला वाईट, विशाखेच्या शेवटच्या चरणावरची धाकट्या दिराला वाईट, मुळावरची सासऱ्याला वाईट, असा समज आहे. ज्येष्ठा म्हणजे थोरली, म्हणून संकट थोरल्यावर! शब्दावरच्या एका कोटीपायी त्या मुलीची चार वर्षे गेली. तिला त्याहून लागले ते दुसरेच. ती एकदा आईला म्हणाली, ‘आई, मी खरंच कुणाला वाईट आहे का गं?’ या प्रश्नाला त्या माउलीने काय उत्तर द्यावे?

उत्तर आहे, आणि ते तिच्या घरातच होते. भाद्रपदात आपल्याकडे गौरी येतात. त्या कोणत्या नक्षत्रावर येतात, आठवा बरे. अनुराधेवर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन आणि मुळावर विसर्जन! म्हणूनच तर त्यांना ज्येष्ठा गौरी म्हणतात. म्हणजे गौर आपल्या उंबऱ्याशी येते तेव्हा चंद्र वृश्चिकेत असतो, तोच ‘नीचीचा’ चंद्र. आणि आपण काय करतो? तिच्या पावलांचे ठसे काढतो. ‘गौर आली, सोन्याच्या पावलांनी आली,’ म्हणतो. ज्येष्ठेच्या दिवशी पुरणावरणाचा नैवेद्य दाखवतो, आणि मुळावर तिला निरोप देताना डोळ्यांत पाणी आणतो. माहेरवाशीण म्हणून जी देवी या तीन नक्षत्रांवर येते-जाते, ती घराला शुभ. आणि त्याच नक्षत्रावर जन्मलेली मुलगी मात्र अशुभ! हे कसे जुळायचे? दोहोंपैकी एक तरी समज सोडायला हवा, आणि कोणता सोडायचा, ते सांगायला ज्योतिषी नको.

आमच्या त्या मुलीचे पुढे लग्न झाले. सासरी दोन थोरले दीर आहेत. दोघेही ठणठणीत आहेत!

एकनाथ महाराजांचे विंचवावरचे भारूड तुम्ही ऐकले असेल. त्यांचा विंचू म्हणजे काम-क्रोध. तो कुठल्या एका राशीच्या माणसाला डसत नाही, सर्वांनाच डसतो, आणि त्याला उतारा सत्त्वगुणाचा. मला वाटते, विंचवाचे प्रतीक वापरायचे तर असे वापरावे. आपली नांगी आपण तपासावी. दुसऱ्याच्या लेकीच्या पत्रिकेत ती शोधू नये.

या वर्षी गौरी जेवतील त्या संध्याकाळी, पाऊस उघडला तर, अंगणात किंवा गच्चीवर या आणि दक्षिणेकडे, थोडे पश्चिमेला पाहा. अर्धा चंद्र दिसेल आणि त्याच्या आसपास एक तांबूस तारा. घरातल्या मुलींना बोलावून दाखवा. ‘ही ज्येष्ठा,’ म्हणून सांगा. आणि त्यांच्यापैकी एखादीचे तेच नक्षत्र असेल, तर तिला हेही सांगा, की गौर याच नक्षत्रावर आपल्याकडे जेवायला येते.