जनुकाक्षरांचा भरवसा

डीएनएचा अनुक्रम वाचणारे यंत्र ए, सी, जी आणि टी या चार अक्षरांची माळ तेवढी संशोधकाच्या स्वाधीन करीत नाही. वाचलेल्या प्रत्येक अक्षराची खात्री किती, हेही ते अक्षरागणिक नोंदवून ठेवते. मानवी जीनोमच्या सुमारे ३ अब्ज अक्षरांत एखादे अक्षर बदललेले दिसले, तर ते खरोखरीचे उत्परिवर्तन आहे की यंत्राचा दृष्टिदोष, याची शहानिशा या नोंदीवाचून होऊ शकत नाही.

अनुक्रम आणि त्याची खात्री ही दोन्ही एकाच दस्तऐवजात नांदावीत, यासाठी २००० च्या सुमारास इंग्लंडमधील सँगर इन्स्टिट्यूटमध्ये फास्टक्यू हा साचा सिद्ध झाला. त्यातील नोंद सामान्यतः चार ओळींची: पहिलीत ॲटच्या चिन्हामागोमाग नाव, दुसरीत अनुक्रम, तिसरीत अधिकचे चिन्ह आणि चौथीत प्रत्येक अक्षराच्या गुणांकाचे एकेक चिन्ह. गुणांक २० म्हणजे शंभरात एक चूक संभवते, ३० म्हणजे हजारात एक आणि ४० म्हणजे दहा हजारांत एक. गुणांकात ३३ मिळवावयाचे आणि आस्की कोष्टकात त्या क्रमांकावर असलेले चिन्ह लिहावयाचे, असा सँगरचा शिरस्ता होता.

पुढे सोलेक्सा आणि इलुमिना या कंपन्यांच्या यंत्रांनी ३३ ऐवजी ६४ मिळविण्याचा प्रघात पाडला, आणि फायलीत मात्र याचा उल्लेख कोठेच नसे. रोमन लिपीतील लहान 'एच' या चिन्हाचा क्रमांक १०४. त्यातून ६४ वजा केल्यास गुणांक ४० येतो, पण ३३ वजा केल्यास ७१, म्हणजे दहा हजारांत एक ही चुकीची शक्यता सव्वा कोटीत एक इतकी क्षुल्लक भासू लागते. २०११ मध्ये इलुमिना ३३ वर परतली, तरी त्यापूर्वीच्या फायली वाचताना कोणता आकडा मिळविला होता, हे पाहण्याची दक्षता अपरिहार्यच आहे.

पायथन या संगणकीय भाषेतील बायोपायथन या मुक्त आज्ञावली-संग्रहाचा सेकआयओ विभाग या फायली वाचतो, लिहितो आणि एका साच्यातून दुसऱ्यात उतरवितो; मात्र फाईल कोणत्या प्रकारची, हे तो अंदाजाने ठरवीत नाही, वापरणाऱ्याकडूनच स्पष्ट वदवून घेतो. गुणांक ३१ चे चिन्ह सँगर पद्धतीत नेमके ॲटचेच असल्यामुळे गुणवत्तेची ओळही त्या चिन्हाने सुरू होऊ शकते, आणि घाईने लिहिलेली आज्ञावली तेथे नव्या नोंदीचा आरंभ मानून फसते. हे बारकावे सर्वांनी सारखेच पाळावेत म्हणून बायोपायथन, बायोपर्ल, बायोरुबी, बायोजावा आणि एम्बॉस या पाच प्रकल्पांच्या कार्यकर्त्यांनी एकत्र येऊन २०१० मध्ये या साच्याचे विवेचन प्रसिद्ध केले.

फास्टक्यूचे रूपांतर केवळ अनुक्रम जपणाऱ्या फास्टा साच्यात सहज होते, पण गुणांक तेवढे गळून पडतात. उलट दिशेने फास्टाची फास्टक्यू करावयास सांगितले, तर बायोपायथन गुणांक उपलब्ध नसल्याचे कळवून काम थांबविते. एखादा सोयीचा आकडा मनाने भरून फाईल पूर्ण करीत नाही. मोडी कागदाचे बाळबोध लिप्यंतर करणारा जाणकार ज्या सचोटीने संदिग्ध अक्षरापुढे प्रश्नचिन्ह घालतो, तीच सचोटी येथे नियमबद्ध झाली आहे. म्हणूनच मूळ फास्टक्यू फाईल दप्तरी सुरक्षित ठेवणे हे संशोधकाचे कर्तव्य ठरते, कारण रूपांतरात एकदा गमावलेला पुरावा कोणत्याही आज्ञावलीला पुन्हा निर्माण करता येत नाही, आणि तशी आज्ञावली कोणी लिहिलीच, तर तिने दिलेला आकडा बनावट असेल.