बेरीज जुळली तरी : जिन्याचा हिशेब
घर आणि हत्यारे : लेखांक सातवा

गेल्या आठवड्यात आपण कुसू आणि खाच यांचा संसार पाहिला. आज त्या सांध्यांवर विश्वास टाकून एक मजला वर चढावयाचे आहे. घराच्या लाकूडकामात दरवाजा बिघडला तर तो कुरकुरतो, खिडकी बिघडली तर ती अडते, आणि गृहस्थ सवडीने मेस्त्रीस बोलावणे पाठवितो. परंतु जिना बिघडला तर तो कसलीही पूर्वसूचना देत नाही. तो एकदम माणसास पाडतो. म्हणून जिन्याचा हिशेब लाकूड विकत घेण्यापूर्वी कागदावर पुरा व्हावयास हवा.

हा हिशेब मला शिकविला तो माझ्याच घरातील एका चुकीने. बेंगळुरूस आम्ही वीस बाय तीसच्या एका लहानशा प्लॉटवर घर बांधले, तेव्हा खालच्या बैठकीतून वर जाणारा जिना लाकडीच असावा असा माझा हट्ट होता. खानापूरकडचे एक वृद्ध मेस्त्री या शहरात कामानिमित्त स्थायिक झाले होते. त्यांनी तो सिद्ध केला. तो उभा राहिला त्या दिवशी मी स्वतः टेप धरून सतराही पायऱ्या मोजल्या, आणि त्या एकसारख्या आढळल्या. पुढे दोन महिन्यांनी फरशीचे काम झाले, आम्ही राहावयास गेलो, आणि पहिल्याच आठवड्यात घरी आलेले दोन पाहुणे त्या जिन्याच्या शेवटच्या पायरीस अडखळले. घरची माणसे मात्र कोणी अडखळली नाहीत. तो दोष कोठे होता हे सांगण्यापूर्वी जिन्याचे गणित मांडणे अवश्य आहे. कारण ते मांडल्यावर वाचकच तो दोष मला सांगतील.

जिना हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. पण ही वस्तू आपणांस पुरातन काळापासून परिचित आहे. निसण आणि दादर हे आपले जुने शब्द, आणि जुन्या वाड्यांतील जिने पाहिले म्हणजे जिना ही निसणीचीच धाकटी बहीण होय याविषयी संशय उरत नाही. भिंतीच्या जाडीत कोंबलेला, अंधारा, उभा चढ, आणि आधारास वरून सोडलेला एक दोर, असा तो थाट असे. बेंगळुरूच्या किल्ल्याजवळील टिपू सुलतानाचा सागवानी महाल हैदर अलीने १७८१ साली आरंभिला आणि तो १७९१ साली पुरा झाला. त्याचे कोरीव खांब आणि नक्षीदार सज्जे पाहून प्रेक्षक विस्मित होतो, पण त्यातील अरुंद, उभ्या जिन्यांकडे पाहिले म्हणजे ध्यानात येते की ज्या कारागिरांनी खांबास एवढी जागा मोकळ्या मनाने दिली त्यांनी जिन्यास मात्र हात आखडता घेऊन ती दिली. त्या काळी वर जाणारी माणसे थोडी आणि जाणती असत. आपल्या घरात आजी चढते, नातू उतरतो आणि मोलकरीण हातात बादली घेऊन दोन्ही करते. म्हणून आपणांस निराळा हिशेब हवा.

जिन्याच्या प्रत्येक पायरीस दोन मापे असतात. एक तिची उंची, म्हणजे एका पायरीच्या माथ्यापासून पुढच्या पायरीच्या माथ्यापर्यंतचे उभे अंतर, ज्यास मेस्त्री रायझर म्हणतो; आणि दुसरी तिची रुंदी, म्हणजे एका पायरीच्या कडेपासून पुढच्या पायरीच्या कडेपर्यंतचे आडवे अंतर, ज्यास तो ट्रेड म्हणतो. ही दोन मापे एकमेकांशी बांधलेली असतात. फ्रान्सचे वास्तुविद फ्रान्स्वा ब्लाँदेल यांनी १६७५ पासून प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात त्यांचे नाते असे मांडले की सपाट भूमीवर चालणाऱ्या माणसाचे पाऊल चोवीस इंचांचे धरावे, आणि एक इंच वर चढण्याचे श्रम दोन इंच पुढे जाण्याच्या श्रमांइतके मानावेत. म्हणून पायरीची उंची दुप्पट करून तीत रुंदी मिळविली असता बेरीज चोवीस यावी. त्यांचा फ्रेंच इंच आजच्या इंचाहून किंचित मोठा होता, म्हणून आज आपण ही बेरीज चोवीस ते पंचवीस इंच धरतो. आपल्याकडेही गजाचे चोवीस तसू असत, आणि तसूही इंचाहून किंचित मोठाच. हा केवळ योगायोग असला तरी लक्षात ठेवण्यास सोईचा आहे. दुसरा एक ताळा असा की उंची आणि रुंदी यांचा इंचांतील गुणाकार सत्तर ते पंचाहत्तरच्या आत यावा. यांवर आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेचा अंमल आहेच. तिच्यानुसार राहत्या घराच्या जिन्यात पायरीची उंची कमाल १९० मिलिमीटर, म्हणजे साडेसात इंच, आणि रुंदी किमान २५० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ दहा इंच, असावी लागते.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. खालच्या जमिनीपासून वरच्या जमिनीपर्यंतची उंची दहा फूट, म्हणजे १२० इंच आहे असे समजा. पायरी सुमारे सात इंचांची सुखाची. म्हणून १२० ला ७ ने भागले असता सतराचा भाग जातो आणि बाकी एक इंच उरतो. येथे सुताराच्या प्रामाणिकपणाची परीक्षा होते. आळशी कारागीर सात-सात इंचांच्या सोळा पायऱ्या करतो आणि उरलेला इंच सतराव्या पायरीच्या नावे टाकतो. एकूण बेरीज जुळते, पण शेवटची पायरी आठ इंचांची होते. जाणता कारागीर त्या बाकीची सर्वांत वाटणी करतो. एक इंच म्हणजे आठ सूत. ते सतरांत वाटले असता प्रत्येकीच्या वाट्यास अर्ध्या सुताहूनही थोडे कमी येते, आणि सर्व पायऱ्या ७.०६ इंचांच्या, म्हणजे सुमारे १७९ मिलिमीटरांच्या होतात. एवढे सूक्ष्म माप टेपवर पाहून सतरा वेळा मोजणे हे मात्र भ्रांतिमूलक होय. प्रत्येक वेळी अर्धा मिलिमीटर चुकला आणि चूक एकाच दिशेची असली, तर शेवटी साडेआठ मिलिमीटरांचा घोटाळा साचतो. यासाठी जुनी युक्ती अशी की एक सरळ पट्टी खालच्या जमिनीवर उभी करून तिच्यावर वरच्या जमिनीची खूण करावी, कंपास अदमासे सात इंच उघडावा, आणि खालपासून वर सतरा पावले टाकीत जावे; सतरावे पाऊल खुणेच्या अलीकडे पडले तर कंपास केसभर उघडावा, पलीकडे पडले तर केसभर मिटावा. चार-पाच प्रयत्नांत तो अचूक बसतो, आणि मग अपूर्णांकांचे ओझे कोणाच्याच डोक्यावर राहत नाही.

उंची ठरली की रुंदी आपोआप येते. चोवीसच्या नियमाने, ७.०६ ची दुप्पट सव्वाचौदाच्या आत. म्हणून रुंदी दहा इंच घेतली की बेरीज २४.१२ आणि गुणाकार ७०.६, दोन्ही मर्यादेत. येथे नवशिक्याची हटकून होणारी चूक सांगून ठेवतो : उंच्या सतरा असल्या तरी रुंद्या सोळाच असतात, कारण शेवटच्या चढीनंतर पाऊल पडते ते वरच्या जमिनीवर. म्हणून सरळ जिना आडवा धावतो तो १६० इंच, म्हणजे तेरा फूट चार इंच. उभे अंतर १२०, आडवे १६०. तेव्हा तिरपे अंतर काढावयास गणकयंत्राची गरजच नाही, कारण हे तीन, चार, पाचचे प्रमाण आहे, आणि तिरपे अंतर नेमके २०० इंच येते. आयताच्या कर्णाचा हा नियम बौधायनाच्या शुल्बसूत्रात यज्ञवेदीच्या मापांसाठी सांगितला आहे. गवंडी काटकोन साधावयास दोरीवर तोच वापरतो, आणि सुतार तिरप्या फळीची लांबी काढावयास. टोकांच्या कापणीची तूट धरून फळी मात्र अठरा फुटांची घ्यावी.

वीस फूट रुंदीच्या घरात तेरा फुटांचा सरळ जिना बैठक खाऊन टाकतो, म्हणून बहुधा तो मध्ये मोडावा लागतो. सतरांपैकी आठ चढी पहिल्या टप्प्यात आणि नऊ दुसऱ्यात घातल्या, मध्ये सव्वातीन फुटांचा विसावा ठेवला, आणि जिन्याची रुंदीही संहितेप्रमाणे सुमारे एक मीटर धरली, तर सगळा जिना जवळजवळ दहा फूट लांब आणि पावणेसात फूट रुंद अशा जागेत मावतो. माझ्या घरी मात्र हट्टापायी सरळच होता.

तिरप्या फळीवर खाचा आखण्यासाठी लोखंडी गुण्याच्या एका भुजेवर उंचीची आणि दुसरीवर रुंदीची खूण पक्की करावी आणि गुण्या फळीच्या कडेवरून सरकवीत सतरा वेळा आखीत जावे. फळी बारा इंच रुंद आणि दोन इंच जाड असावी. प्रत्येक त्रिकोण पावणेसहा इंच खोल कापला जातो आणि मागे सव्वासहा इंच शाबूत लाकूड उरते, तेच भार वाहते. याहून अरुंद फळी घेऊन पैसे वाचविणे म्हणजे जिन्याचा कणा वाचवून ठेवण्याऐवजी विकून खाणे होय. आखणी झाल्यावर करवत हाती घेण्यापूर्वी एक वजाबाकी राहते. पायरीची फळी दीड इंच जाड असेल, तर ती खाचेवर बसल्यावर पहिली पायरी दीड इंचाने उंच आणि शेवटची दीड इंचाने ठेंगणी होईल. म्हणून तिरप्या फळीचे तळटोक तेवढेच दीड इंच कापून टाकावे, म्हणजे सगळा जिना त्या मापाने खाली बसतो. मधल्या पंधरा पायऱ्यांस या फेरफाराची वार्ताही लागत नाही.

लाकडाचा तपशीलही हिशेबातच धरावा. अशा दोन तिरप्या फळ्यांस सहा घनफूट, आणि सव्वातीन फूट लांब, पुढे एक इंच कड आलेल्या, म्हणून अकरा इंच रुंद अशा सोळा पायऱ्यांस जवळजवळ सहा. ही बारा घनफुटांची रास, आणि तूट धरून चौदा. मैसूर रोडच्या टिंबर यार्ड लेआउटमध्ये विचारपूस करताना मराठी माणसाने एवढे ध्यानात ठेवावे की आपला साग तेथे तेग होतो, ऐन मत्ती होते, बिबळा होन्ने होतो आणि शिसव बीटे. नाव कोणतेही असो, लाकूड पुरते सुकलेले हवे. ओली फळी जिन्यात बसविली तर ती सुकताना आकसते, खुंट्या सैल पडतात, आणि रात्री दिवा मालविल्यावर जिना आपणच कोणी चढत असल्यासारखा वाजू लागतो.

आता माझ्या पाहुण्यांकडे येतो. पुन्हा मेस्त्रींना बोलाविले. त्यांनी सतरा पायऱ्या मोजल्या. मधल्या पंधरा ७.०६ इंचांच्या, पहिली पाच इंचांहून किंचित अधिक आणि शेवटची नऊहून किंचित अधिक. बेरीज मात्र बरोबर १२० !

"मेस्त्री, हे कसे झाले ?" मी विचारले.

"साहेब, जिना जागचा हलला नाही," ते म्हणाले, "जमीन वर आली."

जिना उभारला तेव्हा खाली आणि वर दोन्हीकडे नुसते काँक्रीट होते. पुढे दोन्ही मजल्यांवर ग्रॅनाइट बसले, आणि त्याखालच्या मालासकट ते दोन इंच भरले. दोन मजल्यांतील अंतर जसेच्या तसे राहिले, म्हणून बेरीज चुकली नाही. पण खालच्या जमिनीने पहिल्या पायरीचे दोन इंच गिळले, आणि वरची जमीन शेवटच्या पायरीपासून दोन इंच दूर गेली. फरशी किती जाड येणार हे मेस्त्रींस सांगणे माझे काम होते, आणि ते मी केले नव्हते. सर्व माप पक्क्या फरशीपासून पक्क्या फरशीपर्यंत घ्यावे, हा नियम मी तेव्हापासून कोणासही पहिल्या वाक्यात सांगतो.

घरचे का अडखळले नाहीत याचे उत्तरही त्यातच आहे. माणूस पहिल्या दोन पायऱ्यांत जिन्याची उंची पायाला शिकवितो आणि पुढे डोळे न लावता त्या शिकवणीवर चढतो. घरच्यांच्या पायांनी आठवडाभरात ती चूकच पाठ केली होती, आणि पाहुण्यांचे पाय बिचारे नियमावर विसंबले होते. अमेरिकेच्या निवासी इमारतींच्या संहितेत एका जिन्यातील सर्वांत उंच आणि सर्वांत ठेंगण्या पायरीतील फरक तीन अष्टमांश इंचाहून, म्हणजे तीन सुतांहून, अधिक चालत नाही. आमचा फरक चार इंचांचा होता.

दुरुस्ती ऐकून मला हसू आले. जिना काँक्रीटचा असता तर तो फोडावा लागता. मेस्त्रींनी वरची पकड सोडविली, दोन माणसांनी सगळा जिना उचलला, तळाशी दोन इंच जाडीची सागवानी पाटली सरकविली, आणि वरची पकड नव्या जागी बसविली. पहिल्या पायरीस तिचे दोन इंच परत मिळाले आणि शेवटचीचे दोन इंच आपोआप वजा झाले. मधल्या पंधरांस कोणी हातही लावला नाही.

आपण 'तसूभरही फरक नाही' असे म्हणतो, ते बहुधा निष्ठेविषयी किंवा शब्दाविषयी बोलताना. तसू हे सुताराच्या गजावरचे माप आहे याचा आपणांस विसर पडला आहे. जमाखर्चात शेवटी बेरीज जुळली की कारकून दप्तर बांधतो. जिन्यात तशी सोय नाही. तेथे प्रत्येक नोंदीवर माणसाचा पाय पडतो.

वाचकांनी आपापल्या घरचा जिना आज मोजून पाहावा : पहिली पायरी, शेवटची पायरी आणि मधली कोणतीही एक. तीन मापे जुळली तर उत्तम. न जुळली, तर पुढील लेखांकात ज्या कठड्याचा विचार करावयाचा आहे, तो तूर्त घट्ट धरून चालावे.